ओळ एक्केचाळीस

हापसालूच्या वाचनालयात छपाईयंत्र माझ्याकडे असतं.
पानाला दहा सेंट, रंगीत हवं तर चाळीस.
हेल्वे मंगळवारी येते, बूट दारातच झटकून.
बर्फ आत आणायचा नाही, हा नियम तिचा,
वाचनालयाचा नव्हे.

खिडकीजवळच्या टेबलाशी बसते, लॅपटॉप उघडते,
पडदा काळाच ठेवते.
"मला दिसत नाही तर वीज कशाला जाळू?"
कीबोर्डच्या पुढ्यात चाळीस खणांची पट्टी.
तिच्यातून बारीक टाचण्या वर येतात, खाली जातात
आणि डावं बोट त्यांच्यावरून फिरतं,
धान्यात खडा शोधावा तसं.

आधी एक महागडा प्रोग्राम घेतला होता,
माउसने सूर उचलून पाच रेघांवर ठेवायचे.
आठवड्यात परत केला.
"तसबीर टांगा म्हणतात,
भिंत कुठाय ते सांगत नाहीत."

ह्यात नुसती अक्षरं.
अक्षर म्हणजे सूर, पुढचा आकडा म्हणजे त्याची लांबी,
टिंब दिलं की दीडपट,
स्वल्पविराम दिला की सूर एक सप्तक खाली उतरतो.
महिरपी कंस उघडला तर मिटायचा.
एकदा नाही मिटला, तर यंत्र अडून बसलं;
ती अर्धा तास त्या एका महिरपीच्या शोधात,
तोंडाने अखंड शिव्या, पण हळू,
कारण समोर बालविभाग.

गाणं तिच्या मावशीचं, आर्मिल्देचं.
मासे खारवताना ती गुणगुणायची.
कुठे लिहिलेलं नाही. आता फक्त हेल्वेच्या डोक्यात,
आणि त्या काळ्या पडद्यामागे
अठ्ठ्याऐंशी ओळींत.

मी चार वेळा तपासलं.
मात्रांच्या दांड्या सरळ, शब्द सुरांखाली नीट बसलेले,
समास पुरेसा. तेवीस प्रती काढल्या.

गुरुवारी चर्चच्या बाजूच्या खोलीत तालीम.
सिर्येने हात उचलले.
मी मागच्या रांगेत, खर्जात.
नवव्या मापाशी आलो आणि शेगडीजवळ बसलेल्या
हेल्वेचा चेहरा असा झाला
की दाताखाली खडा आला.
ओठ हलले. काहीतरी मोजत होती.

"ओळ एक्केचाळीस," म्हणाली. "चौथं अक्षर.
मी 'बे' लिहिलंय, शाळेतला बे."

आमच्या शाळेत बे म्हणजे कोमल, शुद्ध असेल तर 'हा'.
ह्या प्रोग्रामला आमची शाळा माहीत नाही.
त्याचा बे शुद्ध. कोमल हवा तर बेस लिहायचं.

यूलो म्हणाला, "राहू दे की, छान वाटतंय,
जरा उजळ होतं तिथे."
"आर्मिल्दे उजळ गात नव्हती," हेल्वे म्हणाली.
"मिठाने तिची बोटं फुटलेली असायची."
मग कोणी काही बोललं नाही.
मी हातातलं पान पुन्हा पाहिलं.
तो सूर आपल्या रेघेवर ऐटीत बसला होता.
चूकसुद्धा किती देखणी छापली जाते.

पुढच्या मंगळवारी नव्या तेवीस प्रती.
एक तिने हातात घेतली,
कागद गुळगुळीत, त्यावर काहीच लागेना.
"दिसतं कसं?" तिने विचारलं.
"आणि तारेवरचे पक्षी म्हणू नकोस,
सगळे तेच म्हणतात."

मी तेच म्हणणार होतो.
मग तिचा हात टेबलावर पालथा ठेवला,
पेन्सिलीच्या बोथट टोकाने पाच रेघा ओढल्या,
आणि त्यांच्यावरून, करंगळीच्या मुळापासून
थेट अंगठ्यापर्यंत,
सूर जोडणारी ती कमान.

"एवढी लांब?" ती म्हणाली.
"मी तर एक कंस उघडला
आणि एक मिटला."

मग पाकिटात हात घालून,
नाण्यांच्या कडा चाचपत,
दोन युरो तीस सेंट माझ्यापुढे ठेवले.